मेणबत्ती सासऱ्यांची, नाव बाबांचं

मावशी, नमस्कार.
मी मूळची नाशिकची. लग्न होऊन वसईत आले त्याला नऊ वर्षं झाली. नवरा कॅथलिक, मी हिंदू. धर्म मी बदललेला नाही आणि बदल असं कुणी म्हणालंही नाही. या फेब्रुवारीत माझे सासरे गेले. दर वर्षी २ नोव्हेंबरला घरातले सगळे दफनभूमीत जायचे, मी लेकीचं निमित्त करून घरी थांबायचे. यंदा सासूबाई म्हणाल्या, "पप्पांच्या कबरीवर पहिली मेणबत्ती तू लाव." मी हो म्हणून बसले. आईला फोनवर सांगितलं तर ती भडकलीच. "आपल्यात बायका स्मशानात जात नाहीत. दादाने घातलेल्या वडिलांच्या श्राद्धाला यायला तुला जमलं नाही आणि तिकडे कबरीवर मेणबत्त्या लावायला निघालीस!" त्या दिवशी नेमकं काय करतात हेसुद्धा मला धड माहीत नाही. उपास असतो का? काय नेसायचं? त्यांच्या आवडीचं काही कबरीवर ठेवायचं का? घरी आल्यावर अंघोळ? लेकीला न्यायचं का? आणि एक विचारते, हसू नका. चर्चमधून मृतांची नावं लिहून द्यायचा कागद घरी आला आहे. माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचं नाव त्यात लिहिलं तर चालेल का?
– वसईची सून

प्रिय सूनबाई,

हसले नाही. पत्र दोनदा वाचलं आणि मग उठून चहा टाकला, कारण लगेच लिहायला बसले असते तर फक्त शेवटच्या प्रश्नाचंच उत्तर दिलं असतं आणि तू मेणबत्त्या किती न्यायच्या या विवंचनेत तशीच राहिली असतीस.

तर आधी दिवसाबद्दल. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस. चर्चच्या कॅलेंडरमध्ये त्याला भारदस्त नाव आहे, पण आमच्याकडे बोलताना "मृतांचा दिवस" किंवा नुसतंच "दोन तारीख" म्हणतात. फ्रान्समध्ये क्लूनी इथे एक मोठा मठ होता. तिथल्या ओडिलो नावाच्या मठाधिपतीने इ.स. १०००च्या आसपास फर्मान काढलं की, संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या सगळ्या मठांनी सगळ्या मृतांसाठी प्रार्थना करायची. मोठ्या नावाच्या संतांचा दिवस झाला की लगेच बाकीच्यांचा, ही जोडणी मला फार आवडते. संतांना देवळात मूर्ती असते, मेजवानी असते. आपल्या आजीला आणि शेजारच्या मामाला काय, तर हा दुसरा दिवस.

या प्रार्थनेमागची श्रद्धा अशी: माणूस मेला म्हणजे तो लगेच देवासमोर उभा राहण्याइतका स्वच्छ असतोच असं नाही. राग, हेवा, अर्धवट राहिलेल्या माफ्या असं बरंच काही अंगाला चिकटलेलं असतं. ते धुऊन निघण्याच्या अवस्थेला शुद्धिस्थान म्हणतात. माझी आजी मात्र शेवटपर्यंत 'पुर्गातोर'च म्हणायची, पोर्तुगीज गेले तरी शब्द घरात राहिले. तिथल्या आत्म्याला स्वतःसाठी काही करता येत नाही, मागे राहिलेल्यांची प्रार्थना मात्र त्याला पोहोचते. कॅथलिक बायबलमध्ये मक्काबी यांचं दुसरं पुस्तक आहे. त्यात लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापांसाठी यहूदा मक्काबी हा यहुदी सेनानी यरुशलेमला अर्पणासाठी दोन हजार चांदीची नाणी पाठवतो, अशी गोष्ट येते. कॅथलिक लोक तिचा दाखला देतात. प्रोटेस्टंट लोक हे पुस्तक बायबलमध्ये धरत नाहीत आणि शुद्धिस्थानही मानत नाहीत. त्यामुळे तुझी एखादी प्रोटेस्टंट मैत्रीण "आमच्यात असं काही नसतं" म्हणाली तर गोंधळू नकोस, दोघीही आपापल्या जागी बरोबर आहात.

त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना तीनदा, करायची मुभा असते. ही मुभा स्पेन आणि पोर्तुगालच्या राज्यांत १७४८ पासून होती. सगळ्या जगाला ती मिळाली १९१५ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ती दिली. इतकी पोरं मरत होती की एका मिस्सात भागणार नव्हतं.

आता तुझे प्रश्न. उपास नसतो. मांसमच्छी चालते, पण घरात पहिलंच वर्ष आहे म्हणून सासूबाई काही करत नसतील तर तूही करू नकोस. काय नेसायचं याला नियम नाही. पांढरंच हवं, काळंच हवं असं काही नाही. आमच्या बायका साध्या सुती साड्या नेसतात आणि त्याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे. दफनभूमीत शेकडो मेणबत्त्या जमिनीवर, गुडघ्याच्या खाली पेटलेल्या असतात आणि संध्याकाळी समुद्राकडून वारा येतो. सिंथेटिक साडी आणि मोकळा पदर नको. पदर खोचून घे. चप्पल अशी घाल की चिखल लागला तरी जीव हळहळणार नाही.

कबरीवर खायचं ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. मेक्सिकोतले लोक ठेवतात, आणि मोबाइलवर त्या रंगीत कवट्या बघून हल्ली आपल्याकडच्या मुलांनाही तेच खरं वाटायला लागलंय. आपल्याकडे फुलं, मेणबत्त्या आणि उदबत्ती. सासऱ्यांना सुकं बोंबील आवडायचं असेल तर ते घरी कर आणि सगळ्यांनी मिळून खा. जेवू घालायचीच हौस असेल तर गोव्याकडची एक पद्धत सांगते. तिथल्या कॅथलिक घरांत लग्नाआधी मृतांच्या नावाने गोरगरिबांना जेवण घालतात, त्याला 'भिकाऱ्यांचं जेवण' म्हणतात. शब्द आजच्या कानाला बोचतो खरा. पण मांडव पडलाय, पाहुणे जमलेत आणि त्या गर्दीत पहिली पंगत गेलेल्यांच्या नावाने दुसऱ्या कुणाची तरी, हे तुझ्या आईला सांगितलंस तर तिला ते परकं वाटणार नाही.

अंघोळीचं म्हणशील तर खुशाल कर. सुतक, विटाळ ही कल्पना या दिवसामागे नाही, कबरीजवळ गेल्याने कुणी अशुद्ध होत नाही. पण तुला आईच्या संस्काराप्रमाणे अंघोळ केल्याशिवाय बरं वाटत नसेल तर त्यात सासरचा अपमान नाही. वसईच्या नोव्हेंबरात घामाने आणि धुराने माखून आल्यावर सासूबाईही अंघोळच करणार आहेत.

मिस्सा बहुधा दफनभूमीतच असेल. तू नाताळच्या मिस्साला जात असशील, तर कम्युनियनच्या वेळी, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात तेव्हा, जागेवरच थांबायचं हे तुला ठाऊक असेलच. इथेही तसंच. त्यानंतर फादर ओळींमधून फिरत कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात आणि त्या वेळी आपापल्या माणसाच्या कबरीजवळ उभं राहायचं असतं. त्याला उशीर लागतो. थांबून राहा.

खरं काम मात्र आदल्या आठवड्यातलं आहे, आणि माझा आग्रह आहे की तू त्यालाही जावंस. पावसाळा नुकताच गेलेला असतो. चार महिन्यांत गवत कमरेपर्यंत येतं, टाकळा वाळून त्याच्या शेंगा खुळखुळत असतात, कबरीच्या कडेवर शेवाळ काळं पडलेलं असतं. मग विळा, खराटा, बादली, चुन्याचा डबा असं सगळं सामान घेऊन घरंच्या घरं तिथे लोटतात. चार पावलांवर वर्षभर न भेटलेली चुलत नणंद दुसरी कबर घासत असते आणि तिथूनच ओरडून विचारते, "पोरगी कितवीत आहे?" माझ्या लहानपणी मी दफनभूमीला कधी घाबरले नाही याचं कारण हेच. मी ती जागा आधी पाहिली ती डबा खात, चुन्याने हात पांढरे करत, भावाशी बादलीवरून भांडत.

एक गंमत सांगते. माझ्या आजोबांच्या कबरीवर सुरुवातीला लाकडी क्रूस होता. दोन पावसाळ्यांत त्याला वाळवी लागली आणि तो पडला. पुढल्या वर्षी आम्ही अंदाजाने जागा ओळखून गवत काढलं, चुना मारला, झेंडूचा हार घातला, पूर्ण जपमाळ म्हटली. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी आम्ही हार घालत असताना एक कुटुंब मागे येऊन उभं राहिलं. त्यांतल्या म्हाताऱ्या बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "आमच्या आईची कबर दोन वर्षं कोण नीट करून ठेवतं ते आज कळलं." आजोबा दोन हात पलीकडे गवतात होते. माझी आई शरमेने लाल झाली. आजी मात्र शांतपणे खाली बसली आणि म्हणाली, "प्रार्थना काय वाया जाते होय? त्या बाईलाही हवीच होती."

त्याच आजीची एक सवय होती. आमच्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की ती एक राखून ठेवायची. ती मेणबत्ती दफनभूमीच्या मधोमध असतो त्या मोठ्या क्रुसापाशी लावायची, ज्यांचं आता कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी. नीट बघ, तिथे सगळ्यात जास्त मेण साचलेलं असतं.

आणि इथे मला तुझ्या आईशी बोलायचंय, तुझ्यामार्फत. तुझ्या भावाने केलेल्या तर्पणात एक श्लोक असतो. जे माझे बांधव नाहीत, जे दुसऱ्या कुठल्या जन्मी बांधव होते, त्यांचीही या पाण्याने तृप्ती होवो, असा त्याचा अर्थ. गुरुजी भराभर म्हणून टाकतात म्हणून कानावर पडत नाही, पण आहे. माझ्या आजीची ती राखून ठेवलेली मेणबत्ती आणि ती पाण्याची ओंजळ शेजारी शेजारी ठेवून बघ म्हणावं.

तरी "सगळे धर्म एकच" छापाचं मी तुला सांगणार नाही, आणि तूही आईला तसं सांगू नकोस. तिला ते पटवून टाळल्यासारखं वाटेल, आणि खरंही नाही ते. पितृपक्षात पितर येतात, त्यांना अन्नपाणी पोहोचवायचं असतं, ते कर्तव्य वंशाचं असतं आणि रूढीने मुलाकडे जातं. २ नोव्हेंबरला कुणी घरी येत नाही. कुणाला जेवू घालायचं नसतं, प्रार्थना करायची असते, आणि ती मुलाने केली काय, सुनेने केली काय, शेजाऱ्याने केली काय, सारखीच. हा फरक मोठा आहे. तुझ्यापुरता तर फारच मोठा आहे, कारण तुझ्या बाबांच्या श्राद्धात तुला भावाच्या मागे उभं राहण्यापलीकडे जागा नसते, आणि इथे सासूबाई म्हणतायत पहिली मेणबत्ती तू लाव. पत्रात तू हे लिहिलं नाहीस, पण मला ते तिथे दिसलं.

आईच्या रागाबद्दल एवढंच म्हणेन की बायकांनी स्मशानात जायचं की नाही, हे तिचं वरवरचं म्हणणं आहे. खरी बोच दुसऱ्या वाक्यात आहे: श्राद्धाला तू आली नाहीस. का आली नाहीस ते तू मला सांगितलेलं नाहीस. लेकीची परीक्षा असेल, रजा नसेल, की आपलं तिथे काय काम असं वाटलं असेल. कारण काहीही असो, आईला दिसतंय ते असं की सासऱ्यांसाठी लेकीला वेळ आहे, वडिलांसाठी नव्हता. यावर वाद घालून उपयोग नाही. तिला फोन कर, बाबांची तिथी विचारून कॅलेंडरवर मांड, आणि पुढच्या पितृपक्षात आदल्या दिवशीच नाशिकला जा. खीर ढवळायला, वड्यांचं पीठ भिजवायला, कावळा शिवेना म्हणून भावासोबत गच्चीत ताटकळायला. इकडची मेणबत्ती तिकडच्या खिरीचा हिशेब चुकता करणार नाही, दोन्ही कर.

आता कागद. लिही. बाबांचं नाव लिही.

ही माझी पदरची उदारता नाही. धर्मगुरूला मिस्सा कुणासाठीही अर्पण करता येते, जिवंत असो वा मृत, असं कॅथलिक चर्चच्या कायद्यातच आहे, कलम ९०१. तो माणूस कॅथलिक असावा अशी अट तिथे नाही. आणि मिस्साच्या प्रार्थनांपैकी एकीत, ख्रिस्तात मरण पावलेल्यांची आठवण केल्यावर, "ज्यांची श्रद्धा फक्त तुलाच ठाऊक आहे" अशा सगळ्या मृतांचीही आठवण देवाला करून दिली जाते. तुझे बाबा रामकुंडावर गेले असतील, वारीला गेले असतील, किंवा देव मानतही नसतील, ते त्या ओळीत बसतात.

याने त्यांचं धर्मांतर होत नाही, कुणी त्यांना आपल्यात ओढत नाही. तरीही दोन गोष्टी कर. एक, कागद देण्याआधी फादरना प्रत्यक्ष भेटून सांग: हे माझे वडील, हिंदू होते. बहुतेक ठिकाणी फादर नुसतं नाव विचारतील. दोन, सासूबाईंनाही आधी सांग. परवानगी म्हणून नव्हे. कागदावर पप्पांच्या नावाखाली एक अनोळखी नाव त्यांना अचानक दिसू नये म्हणून. त्यांना आपल्या व्याह्यांचं नाव माहीत असेलच, पण नऊ वर्षांत त्यांनी ते कधी तुझ्या तोंडून ऐकलंय का?

आईला मात्र हे आधी सांगू नकोस, असं माझं मत. तिच्या पुढ्यात बसून सांग, नाशिकला. फोनवर तिला 'चर्चमध्ये बाबांचं नाव' एवढंच ऐकू येईल आणि पुढचं काही येणार नाही. एक मैत्रीण म्हणाली की हे लपवणं झालं. असेल. पण काही गोष्टी समोरासमोरच सांगायच्या असतात, आणि तोवर थांबण्याला मी लपवणं म्हणत नाही.

ज्यांची नावं दिली जातात त्यांच्यासाठी बऱ्याच चर्चमध्ये नोव्हेंबर महिनाभर प्रार्थना होते, कागदांची पाकिटं वेदीजवळ ठेवलेली असतात. म्हणजे २ तारखेला लेकीला ताप आला आणि जमलं नाही तर सगळं बुडालं असं नाही. १ ते ८ नोव्हेंबर या आठवड्यात कधीही दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करण्याला चर्चने खास महत्त्व दिलेलं आहे. गर्दी नको असेल तर चार-पाच तारखेला एकटी जा. सुकलेले हार, वितळून बसलेल्या मेणबत्त्या, सगळं शांत.

लेकीला ने. सोसायटीत ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन म्हणून तिला भुताचा झगा घालायचा असेल तर तोही घालू दे, कटकट करू नकोस. त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच 'सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ' असा आहे, म्हणजे भूत, संत आणि आपले आजोबा हे तीन दिवस एकाला एक लागूनच येतात. तिला आजोबांच्या कबरीवर फुलांच्या पाकळ्यांचा क्रूस करायला दे. मुलं ते फार मन लावून करतात.

एक गोष्ट जड आहे, पण तिथे जाऊन दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. कबर कायमची आपली असतेच असं नाही. मुंबईत तर जागेची इतकी टंचाई आहे की ठरावीक मुदतीनंतर कबर उघडून अस्थी काढतात, त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि कबर दुसऱ्याला देतात. तुमच्या दफनभूमीत काय नियम आहे ते नवऱ्याला विचारून ठेव. दहनालाही चर्चची १९६३ पासून परवानगी आहे, मात्र अस्थी विखरू नयेत, घरात ठेवू नयेत, पवित्र जागी ठेवाव्यात असं २०१६ साली रोमने पुन्हा बजावलं. बाबांच्या अस्थी गोदावरीत सोडल्या असतील तर त्याचा आणि कागदावरच्या नावाचा काही संबंध नाही, तो घोळ मनात आणू नकोस.

आता सासूबाईंनी पहिली मेणबत्ती तुला का लावायला सांगितली? मला माहीत नाही. गुडघे वाकत नसतील. किंवा नऊ वर्षं सून दर २ नोव्हेंबरला लेकीचं निमित्त सांगून घरी थांबते हे त्यांच्या लक्षात आलं असेल, आणि बोलावणं कसं करावं ते सुचत नसेल. किंवा नवऱ्याच्या नावापुढे पहिल्यांदा काडी ओढायचं त्यांच्याच्याने होत नसेल. शेवटचं खरं असेल तर तू खाली वाकलीस की त्यांचा हात तुझ्या खांद्यावर येईल. तो झटकन उठून सोडवू नकोस.

मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ आणि गळा कापून टाक आणि ती नळी मेणबत्तीभोवती वाळूत खोचून ठेव, मेणबत्ती तिच्या वरच्या कडेच्या बरीच खाली राहील अशी, नाहीतर प्लॅस्टिकच वितळतं. काचेची चिमणी असेल तर उत्तमच. जाड मेणबत्त्या घे, बारीक पेन्सिलीसारख्या उन्हाने पाच मिनिटांत माना टाकतात. हार आदल्या दिवशी सांगून ठेव, दिवाळीच्या आगेमागे झेंडूचा भाव फुलवाले तोंडाला येईल तो सांगतात. काडेपेट्या दोन. आणि मोजून नेशील त्यापेक्षा एक मेणबत्ती जास्त ने. मधल्या क्रुसापाशी ती कुणाची म्हणून लावायची ते मी सांगायला नको.

कागदावर नाव सुवाच्य लिही, पूर्ण, आडनावासकट. वाचणारे फादर नाशिककडचे नसतील, अडखळतील.

तुझी,
मावशी